पाटावर बसलेले पाने

खंडेनवमीच्या सकाळी मी आमच्या गाडीचे पुढचे दोन्ही पाय काढले, आणि ते परत बसवायच्या आत माझे पाने देव झाले.

दसऱ्याला विक्रोळीहून बोरिवलीला जायचं होतं, मावशीच्या सायलीच्या साखरपुड्याला. आईची कंबर धरलेली. गाडी खड्ड्यात गेली की पुढून 'खडाक' व्हायचं आणि मागच्या सीटवरून 'आई गं' (दोन्ही एकाच पट्टीत). आईने निकाल दिला, "या खटाऱ्यातून मी येत नाही. सायलीला सांगा, मावशी मेली."

गॅरेजवाला म्हणाला, दसऱ्यानंतर या. मग मी फोनवर व्हिडिओ बघितला आणि मला ज्ञान झालं. चाकाला धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो, लोअर आर्म. त्याच्या सांध्यातले रबरी बुश गेले होते, म्हणजे गाडीलाही आईचंच दुखणं. साकीनाक्याहून बुशसकट नवे आर्म आणले.

"लोण्यावरून चालल्यासारखी जाशील, आई."

"तुला मिक्सरचं भांडं बसवता येत नाही," मीनल म्हणाली. ही माझी बायको. मी कामाला लागलो की ती आधी डेटॉल शोधते.

बाबा कारखान्यात फिटर होते. त्यांची हत्यारपेटी घेऊन मी पार्किंगमध्ये उतरलो. जुने आर्म असे गंजलेले, की एकेक बोल्ट निघताना कुर्ल्यापर्यंत ऐकू गेला असेल. दुपारी गाडी घोड्यांवर (म्हणजे लोखंडी टेकूंवर), चाकं भिंतीला आणि मी चिकट काळा, असे सगळे जेवणाच्या सुट्टीवर गेलो.

अंघोळ, जेवण, जरा डोळा लागला. उठून बघतो तर पेटी गायब. बाबांच्या फोटोखाली पाट, पाटावर लाल कापड आणि त्यावर लहानापासून मोठ्यापर्यंत सगळे पाने, झेंडू वाहून, हळद-कुंकू लावून. शेजारी माझे नवे आर्म. त्यांनाही अक्षता.

"आई, हे काय?"

"कित्याक ओरडतंस? खंडेनवमी आहे. बाबा असताना कधी चुकली नाही."

"अगं, गाडी टांगलीय खाली."

"टांगलेली राहू दे. पूजेक बसलेत ते. उद्या उत्तरपूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

"उद्या साखरपुडा आहे, तुझ्याच भाचीचा."

"म्हणून देवाला उठवू?"

शेजारच्या सावंतकाकांकडे गेलो. त्यांची गाडी माझ्या गाडीच्या मागे अडकलेली, त्यामुळे मदतीची आशा होती.

"काका, एकोणीस नंबरचा पाना आहे?"

"आहे ना. पाटावर."

कोपऱ्यावरचं गॅरेज? तिथे तर जॅकलासुद्धा हार होता. अख्ख्या विक्रोळीत त्या दिवशी एक पाना मोकळा नव्हता. खाली आलो तर आईने माझ्या घोड्यांनाही कुंकू लावून ठेवलेलं.

दसऱ्याच्या पहाटे आई नवी पैठणी नेसून पाटासमोर बसली. साखरपुडा तिच्याच भाचीचा होता शेवटी. घाईघाईत अक्षता टाकत म्हणाली, "देवा, जरा अर्जंट आहे." मी पाने उचलले, पळालो, आर्म चढवले, गाडी हवेत असतानाच सगळे बोल्ट जीव खाऊन आवळले आणि चाकं लावली. सावंतकाकांनी टाळ्या वाजवल्या (त्यांची गाडी सुटली होती).

पहिल्या स्पीडब्रेकरला गाडी म्हणाली, 'कुंईईई'. मग प्रत्येक खड्ड्याला. जोगेश्वरीपर्यंत कुत्री मागे लागली होती. बोरिवलीत हॉलसमोर वळलो तेव्हा मावशी ओवाळणीचं ताट घेऊन धावत आली. तिला वाटलं, मुलाकडचे सनई घेऊन आले.

बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकल्यावर, नाहीतर रबर पिळवटतं, हे त्या व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं. शेवटपर्यंत व्हिडिओ कोण बघतं?

 परतताना आईने सावंतकाकांना फोन करून बोलावून घेतलं आणि त्यांच्या गाडीतून आली. घरी येऊन पैठणीसकट पुन्हा पाट मांडला, सगळे पाने त्यावर ठेवले आणि हळद-कुंकू वाहिलं.

आता दिवाळी होऊन होळी आली. मी अधूनमधून विचारतो, "आई, उत्तरपूजा कधी?"

"मुहूर्त नाही," आई म्हणते. मीनलही पंचांग न बघताच मान डोलावते.