कॅसेटीतले धवले

काल नातवानं माझ्या आईची जुनी कॅसेट मोबाईलवर उतरवून लावली आणि दोन गाण्यांतच माझे कान शिणले.

आई धसईची धवलारीण, लग्नात धवले गाणारी. शहापूरच्या रेकॉर्डिंगवाल्यानं तिच्या गळ्यावर ढोलकी चढवली, सगळं एकसारखं मोठं केलं आणि ओळींमधला तिचा श्वास कापला. ऐकून आई म्हणाली, "गो, यात मी दम कवा घेते? डोकं उठलं माजं."

मी तेव्हा दोन गजरे माळून मिरवणारी शहाणी! म्हटलं, "आये, तुला नाय कळत. आता असंच चालतं."

आता आई नाही, तिचा एवढाच आवाज उरलाय, आणि तोही मला फार वेळ ऐकवत नाही. नातवाला म्हटलं, "बाबू, माझ्या आईला मधे जरा थांबू दे रे."

"आजी, ढोलकी कमी करीन. पण कापलेला श्वास कुठून आणू?"