जयवंताबाईची साक्ष

जयवंताबाई मंठ्यात शाळेची खिचडी शिजवायची आणि रविवारी आपल्या पत्र्याच्या घरात प्रार्थना चालवायची. वीस-पंचवीस माणसं जमायची, ती मुख्यतः तिची साक्ष ऐकायला. नऊ वर्षांपूर्वी टीबीनं तिच्या खोकल्यातून रक्त पडत होतं आणि येशूनं एका प्रार्थनेत तिला बरं केलं, असं ती सांगायची. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या होत्या, हे मात्र सांगायची नाही. पहिल्या वेळी ते राहूनच गेलं. ऐकणारे रडायला लागले, मग पुढं सांगायची हिंमत झाली नाही.

त्या रविवारी मनीषा आपल्या नवऱ्याला, अंगदला, रिक्षातून घेऊन आली. तिशीतला अंगद ट्रॅक्टर चालवायचा. त्याला लहानपणापासून साखरेचा आजार होता, रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं. आता तो भिंतीला टेकून धापा टाकत होता. तांब्याभर पाणी पिऊनही त्याचे ओठ कोरडेच होते.

"तीन दिवस झाले, सुई घेतलीच न्हाई यांनी," मनीषा म्हणाली. "म्हणतात, मावशी औषधाबिगर बऱ्या झाल्या, मंग मी का न्हाई?"

जयवंताबाई त्याच्याजवळ गेली.

"अंगद, आधी दवाखान्यात चल. जल्दी."

"माझी परीक्षा नका बघू, मावशी. डोक्यावर हात ठेवा."

शेजारच्या बेबीनंदानं तिचा दंड धरला आणि कानात म्हणाली, "ठेवा ना हात. एवढी माणसं बघून राह्यलीत."

जयवंताबाईनं दंड सोडवून घेतला.

"माझ्या गोळ्या चालू होत्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "सहा महिने. नऊ वर्षं मी अर्धंच सांगितलं तुम्हाला."

अंगद कसंबसं हसला. "मला दवाखान्यात न्यायला खोटं बोलून राह्यल्या तुम्ही. बायबलवर हात ठेवून शपथ घ्या."

"शपथ घेऊ नका, हो तर हो म्हणा अन् न्हाई तर न्हाई, हे येशूनंच शिकवलंय. मी ते तुम्हाला वाचून दाखवलं, पाळलं न्हाई. हो, मी गोळ्या खाल्ल्या."

अंगदचं हसू मावळलं. "मंग मी सुई सोडली ती कुणाच्या भरवशावर?"

"माझ्या."

तो रागानं उठायला गेला आणि गुडघ्यांवर कोसळला. जयवंताबाईनं आणि मनीषानं त्याला उचलून रिक्षात घातलं. वाटेत त्याचे डोळे मिटायला लागले. जयवंताबाई प्रार्थनेचा एक शब्दही न बोलता त्याला गदागदा हलवत होती. "बोल, अंगद. शिव्या दे, पण बोल."

मंठ्याच्या दवाखान्यात सलाईन लावून त्याला जालन्याला पाठवलं. तिसऱ्या दिवशी मनीषाचा फोन आला. अंगद शुद्धीवर आला होता. "सुई घेतो म्हणले. पण तुमच्या घरी पुन्हा पाय ठेवणार न्हाईत."

"बराबर हाय त्याचं," जयवंताबाई म्हणाली.

पुढच्या रविवारी सातच माणसं आली. बेबीनंदा दारातच उभी राहिली. "म्हणजे येशूनं बरं केलंच न्हाई तुम्हाला?"

"प्रार्थनाही केली, गोळ्याही खाल्ल्या. त्यानं किती केलं, गोळ्यांनी किती, ते मला ठाऊक न्हाई, बेबी."

बेबीनंदानं चपला घातल्या आणि ती निघून गेली. जयवंताबाईला तिच्या मागं जावंसं वाटलं, पण ती गेली नाही. खाली बसून तिनं सहा जणांसमोर पुस्तक उघडलं.