आधी भांडी वाजतात

सांगलीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना फिजिक्स सोडायचं मी मनात पक्कं केलं होतं. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. कोयनानगरजवळच्या गावात विचारायला कोणी नव्हतं आणि वर्गात विचारायचं धाडस होत नव्हतं. पुढच्या वर्षी एकच विषय ठेवायचा होता. रसायनशास्त्र निदान पाठ तरी करता येतं, असं वाटायचं.

त्याच सुमारास फिजिक्सच्या मॅडमनी एका प्रॅक्टिकलला आम्हाला उपकरणांऐवजी कॉम्प्युटरसमोर बसवलं. एका वेबसाइटवर गेल्या आठवड्यातल्या एका हादऱ्याच्या, भूकंपमापन केंद्रांनी टिपलेल्या नोंदी होत्या. आलेख तिथेच उघडायचा, माउसने ओढून मोठा करायचा आणि पहिली लाट कधी आली, दुसरी कधी, तिथे खुणा करायच्या. मधल्या वेळेवरून हादरा केंद्रापासून किती लांब झाला ते निघायचं आणि नकाशावर तेवढं वर्तुळ उमटायचं. तीन गटांना तीन केंद्रं दिली होती. तिन्ही वर्तुळं मिळतील तिथे हादरा झालेला. जागा मॅडमनी मुद्दाम सांगितली नव्हती.

माझी जोडीदारीण पाचगणीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे माउस तिच्याकडे, हे न बोलता ठरलेलं. आलेखातल्या पहिल्या मोठ्या उसळीला तिने पहिली लाट म्हटलं, जरा पुढच्या उसळीला दुसरी. बाकीच्यांनीही तेच केलं. वर्तुळं इतकी लहान निघाली की एकमेकांना शिवलीसुद्धा नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, तीन वेगळे भूकंप झाले असतील. सगळे हसले.

मी त्या उसळीच्या डावीकडे बघत होते. तिथली रेघ सपाट दिसत होती, पण अगदी सपाट नव्हती.

"तिथं जरा मोठं कर की," मी हळूच म्हटलं.

"तिथे काही नाहीये गं."

"असतंय. आधी भांडी वाजत्यात, मग घर हालतं."

मॅडम पाठीमागेच उभ्या होत्या. "परत सांग," त्या म्हणाल्या, "सगळ्यांना ऐकू जाईल असं."

मी उठून उभी राहिले. मोठ्याने सांगितलं. आमच्या गावाकडे हादरे नेहमीचे; आधी जमिनीतून गुरगुर येते, मांडणीवरची भांडी किणकिणतात, आणि खरा हिसका त्यानंतर बसतो. लहानपणापासून आम्ही भांडी वाजली की दाराकडे पळतो.

मॅडमनी माउस माझ्या हातात दिला.

रेघ मोठी केली, तर तिच्यात बारीक थरथर होती, कुठून सुरू झाली तेही स्पष्ट दिसत होतं. मी तिथे खूण केली आणि उसळीला दुसरी लाट धरलं. आमचं वर्तुळ पसरलं. बाकीच्या गटांनीही खुणा मागे सरकवल्या. तिसरं वर्तुळ उमटलं आणि तिन्ही रेघा कोयनेच्या खोऱ्यात येऊन मिळाल्या. मध्ये उरलेल्या चिमुकल्या त्रिकोणात आमच्या गावाचं नाव होतं. मग मॅडमनी प्रसिद्ध झालेली अधिकृत जागा उघडली. ती त्या त्रिकोणातच होती.

जोडीदारणीने मला खांद्याला धरून गदागदा हलवलं. मला हसू आवरेना.

संध्याकाळी आईला फोन केला. म्हटलं, गेल्या आठवड्यातला हादरा कुठं झाला ते मी शोधून काढलं.

"त्यात काय शोधायचंय? माझ्या चुलीखाली झाला." मग म्हणाली, "पर सांगलीत बसून तुला कसं गं कळलं?"

मी सांगत गेले, ती मध्ये मध्ये विचारत गेली. दुसरी लाट मागं का राहती, हेसुद्धा तिने विचारलं, आणि मला उत्तर येत होतं.

यंदा मी तिसऱ्या वर्षाला आहे. विषय फिजिक्स.