तोंडाचा वास

“तोंड उघड. हा कर.”

मॅडमनी नाक पुढे आणलं. मी तोंड उघडलं.

समोर बाकावर विलास बसला होता. शेजारी त्याची बायको सुनंदा. हमाली करणारा आडदांड गडी, पण हात थरथरत होते. दारू सुटावी म्हणून लालबागच्या त्याच्या चाळीत कितीदा जाऊन मीच त्याला आज केंद्रात आणलं होतं. पहिल्यांदाच.

“ठीक आहे. जा आत.”

मी या व्यसनमुक्ती केंद्रात पगारावर आहे. पिणाऱ्यांना गाठायचं, बोलतं करायचं, त्यांच्यासोबत बसायचं, हे माझं काम. मला ते जमतं, कारण मीही प्यायचो. परळच्या फुटपाथवर पडलेला असायचो. मग सोडली. कित्येक वर्षं थेंब नाही.

मॅडम केंद्राच्या प्रमुख, दादरच्या. वयाने माझ्याहून लहान. बाकी स्टाफला अहो, मला अरे. उशीर झाला, डोळे लाल दिसले, आवाज चढला, की हा कर. आमचे डॉक्टर सोमवारी डोकं धरून येतात, रविवारच्या पार्टीचं हसत सांगतात. त्यांच्या तोंडाशी कुणाचं नाक जात नाही.

चिडलो तर म्हणणार, बघा, टाकून आलाय. गप्प राहिलो तर लपवतोय. नाही म्हटलं तर संपलंच. बायकोला सांगितलं. ती मालवणची. म्हणाली, “हा करून दाखवा आणि गप रवा. तुमका दुसरीकडे कोण ठेवतलो?”

खरंच. कोण ठेवणार?

विलास माझ्यामागून आत आला. बसला नाही.

“दादा, तुम्ही सोडून इतकी वर्षं झाली ना?”

“हो.”

“तरी वास घेतात?”

मी त्याच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

“म्हणजे सोडून पण बेवडाच. मग कशाला सोडू?”

निघाला. सुनंदा त्याचा शर्ट ओढत मागे. दारातून तिने माझ्याकडे वळून पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम दारातच उभ्या. “हा कर.”

“नाही.”

“म्हणजे प्यायलायस.”

“आधी डॉक्टरांचा वास घ्या. मग माझा.”

डॉक्टरांनी मोबाईलमध्ये मान घातली.

“उद्यापासून येऊ नकोस,” मॅडम म्हणाल्या.

आलो. रोज येतो. शिपायाला हुकूम आहे, याला आत सोडायचं नाही. तो बिचारा नजर चुकवतो. मी बाहेर पायरीवर बसतो. येणारे-जाणारे विचारतात, दादा, बाहेर का? मी सांगतो. न लाजता, सगळं सांगतो. घरी बायको बोलत नाही. विलास पितोच आहे, माझ्यासाठी दार उघडत नाही.

प्यावंसं वाटतं. खोटं कशाला बोलू? पण पिणार नाही. माफीही मागणार नाही. माझी जागा आत आहे. मला इथून उठवायचं असेल तर चारचौघांत, हाताला धरून उठवा. मी आपणहून उठणार नाही.