घोगऱ्या मोठा की माझी बाई

पुण्यात एका लग्नात जेवणाच्या रांगेत उभी होते. शेजारच्या गृहस्थांना कळलं की मी अमरावतीची आणि मला रॉक आवडतं. ते हसले. म्हणाले, "अमरावतीत रॉक ऐकतात?" मी ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "का हो, आमच्याकडे कान नसतात का?" नवऱ्याने मला कोपराने ढोसलं. माझा राग नाकावरच असतो हे त्याला माहीत आहे, म्हणून पुढचं भांडण राहून गेलं. ते मनातल्या मनात मी परत येताना नागपूरच्या गाडीत पूर्ण केलं.

त्या गृहस्थांना काय ठाऊक, की आमच्या अचलपूर रोडवरच्या शेतात दरवर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी सात माणसं जमतात आणि जगातला सगळ्यात मोठा गायक कोण यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत भांडतात. चार अमरावतीचे, तीन अकोल्याचे. फक्त रॉक आणि पॉप. हिंदी सिनेमाची गाणी आणायची नाहीत, ती भांडणं घरी करायची. आमचा मळा फुलांचा. वडील झेंडू-शेवंती लावायचे, मी त्यात गुलाब आणि रोपवाटिका घातली. त्या रविवारी मळ्यातल्या बायांना सुट्टी असते, आणि विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली बाज टाकलेली असते. ती काकांची जागा.

काका म्हणजे अकोल्याचे कॅसेटवाले काका. मी अकोल्याला शेतकीच्या पदवीला होते तेव्हा बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, एका माणसाला नीट बसता येईल एवढी खोली. पण तिथे ज्या परदेशी कॅसेटी मिळायच्या त्या कुठून यायच्या हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकाला ते हेडफोन द्यायचे आणि उभं करायचे. अट एकच, गाणं पूर्ण ऐकायचं, मगच तोंड उघडायचं. मध्येच कोणी "वा" म्हटलं तरी हेडफोन काढून घ्यायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला इंग्रजीचं फार समजत नव्हतं, तसं सांगितलंही. काका म्हणाले, "मले कुठं समजते? रडणारं पोरगं काय म्हणून राह्यलं ते समजा लागते काय? कावून रडते ते समजलं का झालं."

आणि ऐकताना त्यांची एक लकब होती. डोळे मिटून उजवा तळहात मांडीवर ठेक्यात आपटायचे, आणि गायकाचा सूर जिथे वर चढायचा, बरोबर तिथे एक बोट उचलायचे. सुराच्या आधी नाही, नंतर नाही. मी तेवढं बोट बघायला त्या दुकानात जायचे असं म्हटलं तरी चालेल.

पुढे कॅसेटी गेल्या, दुकानात मोबाईलची कव्हरं लागली, काकांच्या मुलाने ते सांभाळलं. पण आम्ही जुनी गिऱ्हाइकं सुटलो नाही. वाद घालायला जमू लागलो तेव्हा निकाल द्यायला त्यांनाच बसवलं. दोन्ही बाजूंनी आपापलं मांडायचं, शेवटी दोन गाणी वाजवायची आणि काकांनी सांगायचं ते मान्य करायचं. अकोल्याचे असून त्यांनी अकोल्याला कधी झुकतं माप दिलं नाही. बाजेवर पहिल्यांदा बसले तेव्हाच म्हणाले होते, "ज्या दिवशी कान गेले, त्या दिवशी मी इथून उठलो समजा. मंग बोलवू बी नका."

आमच्यात गायकांची खरी नावं कोणी घेत नाही. सुरुवातीला घ्यायचो, पण अर्धा दिवस उच्चारावरच जायचा. मग वऱ्हाडात जे प्रत्येकाचं होतं तेच त्यांचंही झालं, टोपणनावं पडली. एक झाला उपाशी, एक रडव्या, एक मामा. अकोल्याच्या वायरमनचा देव म्हणजे घोगऱ्या. हा वायरमन दिवसभर खांबावर चढतो, संध्याकाळी घोगऱ्या ऐकतो, आणि घोगऱ्याबद्दल वाईट बोललेलं त्याला सख्ख्या भावाचंही खपत नाही. माझी बाजू बाईची. ही बाई गाणं इतकं हळू सुरू करते की वाटतं शेजारी बसून सांगतेय, आणि शेवटाला असा आवाज सोडते की माझ्या अंगावर आजही काटा येतो. बाई आणि घोगऱ्या यांच्यात सलग आठ वर्षं काकांनी निकाल घोगऱ्याच्या बाजूने दिला होता. आठ वर्षं मी माझ्याच शेतात, माझ्याच वांग्यांची भाजी खात हरत होते.

यंदाच्या दिवाळीत मला शंका आली. काकांनी फोन उचलणं बंद केलं होतं, नुसते मेसेज यायचे. फराळ घेऊन अकोल्याला गेले, तर माझ्या सासूबाई पडल्याचं सांगत असताना ते छानपैकी हसले. मी चमकले. त्यांच्या सुनेकडे पाहिलं, तिने नजर वळवली. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं की बाज रिकामी. म्हणून मी गप्प बसले. भांडकुदळ बाईने गप्प बसणं किती अवघड असतं ते माझं मला माहीत.

संक्रांतीनंतरच्या रविवारी काका आले. स्वच्छ पांढरा सदरा, हातात काठी. वायरमनने आपला नवा ब्लूटूथचा डब्बा स्टुलावर ठेवला होता. काकांनी तो उचलून बाजेवर, स्वतःच्या शेजारी ठेवायला लावला. "इथंच राहू दे, जवळ," एवढंच म्हणाले. डाव्या हाताने त्यांनी बाजेचं लाकूड धरलं. मला वाटलं, म्हातारपणाचा आधार.

वाद जोरात झाला. वायरमन म्हणाला, "बाईचा आवाज चांगला हाये, मी नाई म्हणत नाई. पण तो धुतलेला, इस्त्री केलेला आवाज हाये. घोगऱ्याच्या आवाजाले मातीचा वास येते." मी म्हटलं, "भाऊ, मातीचं तुम्ही मला नका सांगू, तुम्ही दिवसभर खांबावर असता." सगळे हसले. आमच्या बाजूचे गणिताचे सर वहीत मुद्दे लिहून आणतात, त्यांनी सुराची चढण, श्वास, दम असं काही तरी मांडलं. काका एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघत होते, मान हलवत होते. ओठ वाचतायत हे माझ्या एकटीच्या लक्षात येत होतं. कोणी पाठ फिरवून बोलू नये म्हणून मी उगाच सगळ्यांना समोर बसा, समोर बसा म्हणत होते.

मग गाणी. आधी घोगऱ्याचं लागलं. काकांचा तळहात मांडीवर पडू लागला, बोट जिथे उचलायचं तिथे उचललं. मी सुटकेचा श्वास सोडला. मग बाईचं लागलं.

आता रोडग्यांचं सांगायला हवं. त्या दिवशी आमच्याकडे रोडगे असतात, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. रोडगे वायरमनचे. तो निखाऱ्याजवळ दुसऱ्या कोणाला फिरकू देत नाही. वारा लागू नये म्हणून गोवऱ्या विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीमागे पेटवलेल्या होत्या. बाईचं गाणं लागून थोडा वेळ झाला असेल, वायरमनला रोडगे परतायची आठवण झाली आणि तो उठून तिकडे गेला. गाणं ज्या फोनवर वाजत होतं तो त्याच्या सदऱ्याच्या खिशात होता.

खोलीच्या भिंतीआड तो गेला आणि डब्बा दोनदा खरखरला. मग गप्प. बाईचा आवाज ओळीच्या मध्येच तुटला. फोनमध्ये गाणं पुढे चाललेलंच होतं, फक्त डब्ब्यापर्यंत पोचत नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. आठ वर्षं हरले ते हरले, आणि आता माझ्याच गाण्याच्या वेळी हे! वायरमनने मुद्दाम केलं असं वाटून मी ओरडायला उठले. उभी राहिले आणि माझं लक्ष काकांच्या हाताकडे गेलं.

हात चालू होता.

डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, तळहात मांडीवर ठेक्यात पडत होता. कडुनिंबाखाली आवाज कसलाच नव्हता, नुसता तो हात. मी सरांकडे पाहिलं. सरांनी काकांकडे पाहिलं. एकेक करून सगळ्यांना दिसलं. मी ज्याला दिवाळीपासून झाकत होते ते भर दुपारी सगळ्यांच्या समोर उघडं पडलं होतं, आणि मला वाटलं, आता संपलं, ही बाज आता संपली.

वाकून तोंडाने गाणं म्हणू का, असा वेडा विचारही मनात आला. जणू त्यांना ते ऐकू जाणार होतं. सर मात्र मान खाली घालून बोटांवर काही तरी मोजत होते. काकांच्या हाताची लय तसूभर ढळली नव्हती. एके ठिकाणी हात थांबला, आणि मला आठवलं, तिथे गाण्यात सगळी वाद्यं थांबतात. मग पुन्हा सुरू झाला. मग काकांनी बोट उचललं.

आणि त्याच क्षणाला वायरमन राखेने माखलेले हात झटकत भिंतीआडून बाहेर आला, डब्बा खरखरला, आणि बाईचा आवाज फुटला तो थेट वरच्या सुरात. काकांचं बोट आणि तो सूर यांच्यात केसाएवढं अंतर नव्हतं. सरांनी चष्मा काढला. मला हुंदका आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. पुण्याचे ते गृहस्थ त्या वेळी समोर असते तर मी त्यांना काही न बोलता नुसतं ते बोट दाखवलं असतं.

गाणं संपलं. वायरमनला यातलं काही ठाऊक नव्हतं. धुराने लाल झालेले डोळे चोळत तो म्हणाला, "काय झालं? असे कावून बसले सारे? गाणं बराबर वाजलं ना?"

काकांनी डोळे उघडले, आमची तोंडं पाहिली आणि स्वतःच म्हणाले, "मधात डब्बा बंद पडला होता."

आम्ही चाट. ते बाजेचं लाकूड थोपटत म्हणाले, "इथं हाताले समजते. वाजते तवा लाकूड थरथरते. मधात थरथरलं नाई."

"मंग तुमी ठेका कायले देऊन राह्यले होते?" वायरमनने विचारलं. तो समोर होता, त्यामुळे त्याचे ओठ काकांना दिसले.

"डब्बा बंद पडला म्हणून गाणं बंद पडते काय रे?" काका म्हणाले. मग जरा थांबून, "डावा कान गेल्या वर्षी गेला. उजवा दसऱ्याच्या आधी. मी तुमाले सांगितलं होतं, कान गेले का मी उठीन. यंदा एक डाव बसून घ्यावं वाटलं, म्हणून आलो. खोटेपणा झाला माह्याकडून." आणि त्यांनी काठी घेतली, बाजेवरून उठायला लागले.

त्यांना अडवलं ते वायरमनने. आठ वर्षं माझ्याशी भांडून जिंकत आलेला तो माणूस त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उठता कुठं? निकाल द्या पयले. रोडगे थंडे होऊन राह्यले."

ते काकांना कळलं नाही, तो फार भरभर बोलला होता. मी धावत गेले, रोपांचे ट्रे येतात त्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, विझलेला कोळसा उचलला आणि लिहिलं, "निकाल?" पुठ्ठा त्यांच्यासमोर धरला.

काकांनी तो वाचला. आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. सर वही उघडून पेन घेऊन बसलेच होते. "नवी गाणी मले आता समजनार नाई," काका म्हणाले. "जुनी सारी आत हायेत, तेवढीच." सरांनी वहीत लिहून दाखवलं की भांडण जुन्यांचंच आहे. काका हळूच परत बसले. काठी बाजेला टेकवली. डोळे मिटून दोन्ही गाणी पुन्हा एकदा आतल्या आत ऐकल्यासारखा वेळ घेतला.

"घोगऱ्या," ते म्हणाले.

वायरमनने राखेच्या हातांनीच टाळी वाजवली. आणि माझा पारा चढला. एवढं सगळं झालं, माझ्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, आणि हा माणूस नवव्या वर्षीही घोगऱ्या म्हणतो! आयुष्यात हरताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता, पण म्हणून मी ऐकून घेणार होते थोडीच. पुठ्ठा उलटा केला, कोळशाने रागारागात लिहिलं, "कावून? बाईच्या शेवटच्या सुराचं काय?" आणि त्यांच्या नाकासमोर नाचवला.

काकांनी पुठ्ठा लांब धरला, जवळ धरला, डोळे बारीक केले.

"हे काय पुटपुटून राह्यली वं," ते म्हणाले. "भांडायचं असंन तर मोठ्यानं लिही."