मारुतीच्या जागी हजर

मी शाळेत सायन्स शिकवते. ग्रुपवर कुणी 'माळ्यावर पावलं वाजली' वगैरे लिहिलं की खाली 'मांजर असेल' अशी कमेंट टाकणारी जी बाई आहे ना, ती मीच. आता माझ्यावर मांजरं सोडायची असतील तर खुशाल सोडा... पण आधी पूर्ण वाचा.

आमचं घर कराडला लागून मलकापूर आहे, तिथून हायवे सोडून आत, उसाच्या पट्ट्यात. जुनंबिनं काही नाही. स्लॅब, टाइल्स, माझ्या लग्नाच्या वेळी बांधलेलं. मिस्टर शिरवळला कंपनीत असतात, सुट्टीला येतात. नणंद नोकरीला बाहेरगावी, आणि मुलगी उन्हाळ्यात सांगलीला माझ्या आईकडे गेली होती. म्हणजे घरात आम्ही तिघं – मी, सासूबाई आणि सासरे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा.

मामा फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. डाव्या पायाची दोन बोटं बर्फात गेलेली, पण त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. एक फौजी सवय मात्र त्यांनी घरात आणली होती. रात्रीच्या जेवणाआधी हजेरी! ताटं मांडली की ते एकेकाचं नाव पुकारणार आणि ज्यानंत्यानं 'हजर साब' म्हटल्याशिवाय भाकरी नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू आवरेना. 'सूनबाई!' म्हणून पुकारा झाला, मी पदर तोंडाला लावून 'हजर साब' म्हटलं आणि घरची झाले. फक्त आत्यांचं नाव त्या हजेरीत नसायचं. त्या वाढत असायच्या.

मागच्या वर्षी मामांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. 'अं... अं...' एवढंच उरलं. ज्या माणसाच्या आवाजानं शेजारचं कुत्रं गप्प बसायचं, त्याला पाणी मागता येईना. डॉक्टर म्हणाले होते, चुकून एखादा शब्द फुटला तर लगेच उत्तर द्या, गप्प राहू नका. उत्तर मिळालं की पुढचा शब्द येतो. आम्ही सगळे त्या एका शब्दाची वाट बघत होतो. आत्या तर घास भरवताना त्यांच्या ओठांकडेच बघत असायच्या.

आता गिटार. मिस्टरांनी वाढदिवसाला मिरजेहून आणली. नवी कोरी आहे, कुणा मेलेल्याची नाही – आधीच सांगते, कमेंटमध्ये विचारू नका. नणंदेचं लग्न मे महिन्यात होतं आणि संगीतच्या कार्यक्रमात वहिनीनं गिटार वाजवायची असा तिचा हट्ट. गाणं रील्सवर सगळीकडे वाजत होतं तेच. व्हिडिओवाला मुलगा म्हणे, 'एकदम इझी, फक्त चार कॉर्ड्स.' सी, जी, ए मायनर आणि एफ. पहिले तीन जमले. एफला मात्र एका बोटानं सगळ्या तारा एकदम दाबायच्या असतात. शिकणारे जाणतात, तिथं भल्याभल्यांचं घोडं अडतं. माझंही अडलं. मुखड्याच्या तोंडाशी आले की थप्प असा मेलेला आवाज यायचा, मी थांबायची आणि परत पहिल्यापासून.

प्रॅक्टिस दुपारी, हॉलमध्ये, मामांच्या कॉटशेजारी. कारण कुरडयांचे दिवस होते. आत्या शेजारच्या गच्चीवर बायकांच्यात जायच्या आणि मामांना एकटं ठेवायचं नसायचं. मामांना माझी टिंगटांग आवडायची का, कोण जाणे. त्यांचे डोळे खिडकीबाहेर उसाकडे असायचे.

एका दुपारी मी अशीच एफपाशी थांबले. आणि कॉटवरून आवाज आला –

"मारुती!"

स्पष्ट. खणखणीत. जुना आवाज. माझ्या हातातलं तारा छेडायचं पिक गळून पडलं. मी "मामा? मामा, काय म्हणालात?" करत उठले, तर परत 'अं... अं...' सुरू. आत्या धावत आल्या, मी मिस्टरांना फोन लावला, तिकडे ते रडायला लागले. आम्हाला वाटलं, हनुमानाचं नाव घेतलं. आत्यांनी शनिवारी तेल घातलं.

पुढे रोज तेच. गाणं एफपाशी अडलं की 'मारुती!' आणि मी काहीही बोलले, 'हो मामा', 'काय हवंय मामा', तरी पुढे शून्य. मी नेटवर वाचलं, झटक्यानंतर बोलता न येणारी माणसं संगीतानं बोलतात, मेंदूचा तो भाग वेगळा असतो. सायन्सच होतं सगळं. मी खूश! फक्त त्या हाकेचा सूर कुठंतरी ऐकलेला वाटत होता आणि तो मला एका दुपारी पोळ्या लाटताना लागला. ती हजेरीची हाक होती. देवाला कुणी असं पुकारत नाही.

मग मी जे केलं ते आमच्या घराबाहेरच्या कुणी केलं नसतं. डॉक्टरांनी उत्तर द्या म्हटलं होतं ना... त्या दुपारी एफपाशी थांबले, मामा म्हणाले, "मारुती!" आणि मी गिटार मांडीवर ठेवूनच, हसत, अगदी लाडानं म्हटलं –

"हजर साब!"

मामांनी मान वळवली. वर्षभर न वळलेली मान. माझ्याकडे बघून म्हणाले, "गानं थांबवू नगंस गड्या. डोळा मिटशील."

आणि माझा हात चालू झाला.

मी चालू केला नाही. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी कुणाला पटत नाही, पण मी चालू केला नाही. डावा हात एफवर गेला आणि जो कॉर्ड मला महिनाभर लागला नव्हता तो स्वच्छ लागला. पुढे सी. जी. ए मायनर. परत एफ. मला क्षणभर आनंदच झाला, काय सांगू! मग मी थांबायचं ठरवलं आणि थांबता येईना.

तारा गार पडत गेल्या. आधी माठातल्या पाण्याइतक्या, मग फ्रीझरमधल्या बर्फाच्या ट्रेला बोट चिकटतं ना, तशा. बोटं उचलली जात होती ती फक्त पुढच्या कॉर्डवर जाण्यापुरती. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं, तारेवर कावळा चोच वासून बसला होता. शेजारच्या गच्चीवरून बायकांचं हसणं येत होतं, त्यात आत्यांचंही. शेजारी ठेवलेल्या फोनवर मिस्टरांचा कॉल आला, वाजून बंद झाला, परत आला. हातभर अंतरावर फोन आणि मला तो घेता येईना. मी 'आत्या!' म्हणून ओरडायला तोंड उघडलं तर त्यातून गाण्याचीच ओळ बाहेर पडली. आणि ओळीबरोबर वाफ. थंडीत तोंडातून निघते ती वाफ... मी ती बघितली आहे.

"गात ऱ्हा," मामा म्हणत होते. "रिलीफ येतीया. वर खनत्यात बग. गात ऱ्हा मारुती."

मला झोप यायला लागली. खूप गोड झोप. त्या झोपेची मला सगळ्यात जास्त भीती वाटली, कारण हात थांबला तर ती येणार हे मला माहीत होतं आणि हात चालू राहिला तर बोटं जाणार हेही. आई, माझी मुलगी, मिस्टर, कुणाचा चेहरा आठवेना. पांढरं पांढरं नुसतं. मी रडत होते ते गालावर गार लागत होतं.

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या, हात कुरडयांच्या चिकानं भरलेले. "आगं, फोन वाजतूया..." म्हणायला लागल्या. माझ्या तोंडातली वाफ त्यांनी बघितली असणार. त्यांनी धावत येऊन माझी बोटं तारांवरून सोडवायला घेतली आणि चटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग त्यांनी मामांकडे बघितलं. मामा माझ्याकडे बघत होते.

"ह्यो मारुती हाय व्हय?" आत्यांनी हळूच विचारलं.

"मारुती, गात ऱ्हा," मामा म्हणाले.

आत्यांनी हात पदराला पुसले. पदर खोचला. कॉटच्या पायथ्याशी जाऊन ताठ उभ्या राहिल्या. मी त्यांना तशा उभ्या कधी बघितल्या नव्हत्या.

"साब, रिलीफ आलीया," त्या म्हणाल्या. "मारुतीला सोडा आता."

मामांनी नजर माझ्यावरून काढून त्यांच्याकडे वळवली. मग हजेरीच्या त्याच आवाजात – "नाव?"

"मालन," आत्या म्हणाल्या. "हजर साब."

माझे हात सुटले. गिटार खाली पडली आणि मी तिच्यावर.

कराडच्या स्किनच्या डॉक्टरांनी माझ्या बोटांची टोकं बघितली. पांढरी पडलेली, कडेला काळपट फोड. गिटार शिकते म्हटल्यावर ते हसले, म्हणाले, तारांनी घट्टे पडतात, असं होत नाही. "बर्फात हात ठेवला होता का? कोल्ड स्टोरेजला काम करता?" मी नाही म्हटलं. त्यांनी मलम दिलं. नणंदेला सांगितलं, हात भाजला, या वेळी वाजवणं जमणार नाही. ती रुसली होती, मांडव परतणीपर्यंत बोलली नाही.

मारुती कोण, ते आत्यांनी नंतर सांगितलं. "मेढ्याकडचा पोरगा हुता, ह्यांच्या संगतीला. दोघं बी बर्फाखाली गाडलं गेलं. झोप लागू ने म्हनून ह्यांनी त्येला गात ठिवला हुता. शेवटाला ह्येंचाच डोळा लागला. ह्ये जागं झालं तवा गानं न्हवतं. झोपंत बडबडल्यात येवडं, जागेपनी कवा न्हाई, म्हनून मला बी आदी देवच वाटला."

"आणि तुम्हाला काय बोलायचं ते कसं कळलं, आत्या?"

"फौजीची बायकू हाय न्हवं मी? रिलीफ, म्हंजी बदलीचा गडी, आल्याबिगार पोस्ट सोडता येत न्हाई, येवडं बी न्हाई कळत व्हय?" मी काहीतरी मठ्ठ प्रश्न विचारल्यासारखं त्या म्हणाल्या.

मला गिटार घरातून घालवायची होती. मिस्टर न्यायला तयार होते. आत्यांनी नेऊ दिली नाही. "मी नाव दिलंया," एवढंच म्हणाल्या. आता दुपारी जेवणं झाली की त्या कॉटशेजारी बसतात, गिटार मांडीवर आडवी घेतात, परात घ्यावी तशी. कॉर्ड नाही, सूर नाही. अंगठा तारांवरून ओढतात, थांबतात, परत ओढतात आणि जात्यावरचं काहीतरी पुटपुटतात. मामा शांत पडून असतात. आत्यांच्या अंगठ्याचं टोक पांढरं पडलंय. मी मलम लावायला गेले तर हात मागं घेतात.

एकदा मी रडले त्यांच्यापुढे. म्हटलं, माझ्या चुकीपायी तुम्ही अडकलात. तर हसल्या. "अडकलीया कशानं? उभा जलम ते तिकडं आन मी हिकडं. कुटं हुते, काय भोगलं, येका शब्दानं सांगितलं न्हाई मला. आता हाय की येका पोस्टावं." मग माझी पांढरी बोटं हातात घेऊन बघत राहिल्या. "पर माज्या मागनं तू यायचं न्हाई. हाक आली तरी ओ द्याची न्हाई. कळलं?"

मी हो म्हटलं. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

बाकी ज्याला जे वाटेल ते समजा. मनाचा खेळ, उष्माघात, सासू-सुनेला एकदम झालेला भास – हे सगळं मी स्वतःला समजावून झालंय. तरी माझ्या बोटांना अजून गरम चहाचा कप कळत नाही. पण हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. परवाच्या दुपारसाठी.

परवा मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. हॉलमध्ये आत्या नुकत्या बसल्या होत्या, तारेला अजून हात लागला नव्हता. गाणं नाही, काही नाही. आणि मामांचा आवाज आला. बर्फातला नाही. आमच्या घरातला, ताटं मांडल्यावरचा, ज्याची आम्ही वर्षभर वाट बघितली तो –

"सूनबाई!"

डॉक्टर म्हणाले होते, लगेच उत्तर द्या. मामा बरे होत असतील. खरंच मलाच बोलवत असतील, पाणी हवं असेल, नुसतं बघायचं असेल. माझ्या जिभेवर 'हजर' आलं होतं. मी ओट्याची कड धरून उभी राहिले आणि ओठ दाबून धरले. त्यांनी परत हाक मारली. या वेळी जरा हळू, मी घरात नाही की काय असं वाटल्यासारखी.

"ती न्हाई," हॉलमधून आत्या म्हणाल्या. "मी हाय न्हवं."

आणि तारांवरून अंगठा फिरल्याचा आवाज आला.