व्याह्यांनी मागितलेला डावा पाय

अन्याय झाला तो दिलवरवर. कधी झाला तेही स्पष्ट लिहितो, म्हणजे नंतर कोणी "असं काही झालंच नाही" म्हणायला नको: गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, म्हसावदला आबांच्या ओसरीवरच्या पंगतीत, आमरसाची दुसरी वाटी वाढली जात असताना. आणि करणारे कोण, तर स्वतः आबा. आमच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, नात्याने माझे मोठे काका. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंत या माणसाइतका सज्जन माणूस सापडणार नाही आणि एखाद्या क्लबचं इतकं पद्धतशीर वाटोळं करणाराही सापडणार नाही. या दोन्ही गोष्टींचं कारण एकच आहे. खेळाडूंची देवघेव आणि सोयरीक यांतला फरक आबांना आजवर कळलेला नाही.

दिलवर म्हणजे आमचा डाव्या बाजूचा आक्रमक. घर धडगावकडच्या डोंगरात, शिकायला इथल्या वसतिगृहात. चेंडू त्याच्या डाव्या पायाशी आला की समोरचे बचावपटू आपणहून खाली बसायचे, म्हणजे पडण्याचा त्रास वाचतो. आखाजीला आबा अख्ख्या संघाला जेवायला बोलावतात, तसा तोही आला होता. त्याच पंगतीत कळसाडीचे व्याही होते. आबांची एकुलती एक मुलगी, आमची ज्योतीताई, त्यांच्या घरात दिली आहे. दुर्दैवाने त्यांच्या गावातही क्लब आहे आणि आणखी दुर्दैवाने त्याचे अध्यक्ष तेच आहेत. रसात पोळी बुडवता बुडवता ते सहज म्हणाले, "आबा, तुमना तो डावखुरा पोऱ्या माले भलता आवडना."

"आवडना ना? मंग लई जा," आबा म्हणाले. "त्यामा इचारानं काय शे?"

दिलवरच्या हातात खापरावरच्या पुरणपोळीचा घास होता. तो गिळून होईपर्यंत गडी कळसाडीचा झाला होता. मी आबांना मागच्या दारी गाठलं. म्हटलं, आबा, तो आपला सगळ्यात चांगला खेळाडू आहे. तर म्हणतात कसे, "तेच तं! याहीसले काय हलकं देवानं का? पोर दिन्ही शे तठे." पोर दिली आहे, या वाक्यापुढे आमच्याकडे कोणाचाच युक्तिवाद टिकत नाही. माझाही टिकला नाही. मी पत्रक छापलं. 'दिलवर कोणाच्या मालकीचा नाही' असा मथळा दिला आणि चौकात वाटलं. आबांनी ते पानटपरीवर उभं राहून शेवटपर्यंत वाचलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झकास लिखं रे भो! आते बठ्ठा गोया कर. याही उनात तं देखतीन." मी गोळा केले नाहीत, तेव्हा स्वतः चौकात वाकून वाकून एकेक पत्रक उचललं, झटकलं आणि घडी घालून घरी नेलं. ज्याच्याविरुद्ध पत्रक काढायचं त्यानेच ते जपून ठेवलं, तर चळवळ कशी चालायची, हे मला कोणत्याच शिबिरात शिकवलेलं नाही.

आबांची ही रीत जुनी आहे. नवा खेळाडू घ्यायचा म्हणजे ते आधी 'बघायला' जातात. बरोबर धुतलेल्या टोप्यांतली गावची जाणती मंडळी. तिथे खाटेवर बसून पोहे होतात, चहा होतो, घरची शेती किती, भाऊ किती, पाण्याची सोय काय, याची चौकशी होते. चेंडूचं नाव निघत नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, त्याला निदान एक लाथ तरी मारायला सांगा! आबांनी मला बाजूला घेतलं. "आधी घर देखनं पडस पोऱ्या. पाय काय, समदासलेच दोन ऱ्हातस." त्या खेपेला त्यांनी केळीच्या बागायतदाराच्या घरचा गोलरक्षक आणला. घर खरोखरच नाव घेण्यासारखं. मुलावर संस्कार असे की समोरून कोणी धावत आलं, तर तो अदबीने सरकून वाट द्यायचा. पहिल्या सामन्यात त्याने समोरच्या संघातल्या प्रत्येकाला वाट दिली, काहींना दोनदा. सामना संपल्यावर आबा एवढंच म्हणाले, "पोऱ्याना आवाज तं चढना का एकदा तरी?"

आमचा खेळाडू बघायला कोणी आलं, तर याच्याहून मोठा सोहळा. पुण्याकडच्या एका मोठ्या संघाचे प्रशिक्षक एकदा आमच्या मधल्या फळीतल्या एका पोराला पाहायला वाट वाकडी करून आले होते. आबांनी त्या पोराला न्हाऊ-माखू घातलं, केसांना तेल चोपडलं, नवा सदरा घातला आणि खुर्चीवर मान खाली घालून बसवलं. प्रशिक्षक घड्याळाकडे बघत म्हणाले, "जरा पळून दाखवू दे त्याला." आबांना ते भयंकर अपमानास्पद वाटलं. "पहिली खेपले कोन्ही पयत नही, साहेब," ते ठामपणे म्हणाले. साहेबांना दुसऱ्या खेपेला यायला अजून सवड झालेली नाही. तो पोरगा आता शहाद्यात मोबाइलच्या दुकानात आहे आणि गिऱ्हाईक आलं की अजूनही तसाच मान खाली घालून बसतो.

एकदा तर आबांनी साटंलोटंही केलं. आपला मधला आक्रमक एका गावाला दिला आणि त्या बदल्यात मैदानावर चुना मारणारा माणूस घेतला, का तर त्याच्या हाताला वळण आहे. आमच्या मैदानाच्या रेषा आज अख्ख्या जिल्ह्यात सर्वांत सरळ आहेत. त्या रेषांच्या आत काय चालतं, ते कृपा करून विचारू नका.

विसरवाडीची गोष्ट आठवली की माझं आजही डोकं तापतं. नवापूरहून सामना हरून परतताना आमचा टेम्पो विसरवाडीच्या फाट्यावर चहाला थांबला. आमच्या पोरांनी चिडून लाथाडलेला चेंडू हायवेपलीकडे उभ्या असलेल्या ट्रककडे गेला. तिथे चाकं ठोकून बघत असलेल्या क्लीनरने हातातला हातोडा खाली न ठेवता तो छातीवर घेतला आणि दोन्ही बाजूंच्या गाड्यांवरून थेट आबांच्या मांडीत आणून टाकला. आबांच्या बशीतला चहा हललासुद्धा नाही. सगळा संघ ओरडला, आबा, याला घ्या! आबांचेही डोळे चमकले. मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. पितृपक्ष चालू होता. "या पंधरवड्यामा बोलनी करतस का कोन्ही? घट बसू द्या, मंग देखू." घट बसले त्या दिवशी आबा खरंच विसरवाडीला गेले. नव्या टोपीत, मांडीवर नारळ घेऊन, त्याच बाकावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या चाकांपाशी कोण उतरतंय ते पाहत राहिले. चहावाल्याने शेवटी विचारलं, "बाबा, कोनी वाट देखी ऱ्हायनात?" आबा म्हणाले, "ट्रकनी." चहावाल्याने हायवेकडे नजर टाकली आणि न मागता आणखी एक चहा दिला.

आणि पाठवणी! आमच्याकडे असताना खेळाडूला जे बूट मिळतात, त्यांतून त्याची बोटं मैदान पाहत असतात. पण दुसऱ्या गावाला द्यायचं ठरलं की आबा स्वतः शहाद्याला जाऊन त्याला नवे बूट आणतात. टोपी, टॉवेल, नारळ, कपाळाला टिळा. मग खेळाडू पाया पडतो आणि आबा टोपीने डोळे पुसतात. बचावफळीतले काही जण तर केवळ या बुटांसाठी गेले, असा मला दाट संशय आहे. फक्त दिलवरच्या वेळी नवे बूट त्याच्या हातात तसेच राहिले. घालून बघ म्हटलं, तर बघितले नाहीत.

कळसाडीला त्याचं काय झालं, ते ऐका. व्याह्यांना डावा पाय आपल्याकडून खेळायला हवा होता असं नाही, तो आपल्याविरुद्ध खेळायला नको होता. शिवाय डाव्या बाजूला त्यांचा सख्खा पुतण्या खेळतो. म्हणून गेलं वर्षभर दिलवर राखीव बाकावर आहे. आणि नेताना व्याही 'एका स्पर्धेपुरता' म्हणाले होते! त्याच्या कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. परीक्षा झाली की तो भावांबरोबर गुजरातेत कामाला जाणार. म्हणजे या आखाजीनंतर आमच्या मैदानावर होणारी स्पर्धा हाच त्याचा शेवटचा खेळ, खेळायला मिळाला तर.

परवा तो मला शहाद्याच्या बसस्टँडवर भेटला.

"काय रे, कसं चाललंय?"

"बसून बसून पायाला मुंग्या येतात, भाऊ. घरचे डोंगरावरून बघायला येतो म्हणतात. काय दाखवू त्यांना? मी कसा बसतो ते?"

"परत यायचंय का?"

"यायचं तर आहे. पण तुम्ही विचारून काय होतं? जा म्हणताना कोणी विचारलं नाही, ये म्हणायला पण कोणी आलं नाही." मग बसमध्ये चढता चढता वळून म्हणाला, "आबांचा गुडघा कसा आहे?"

आबांचा गुडघा बरा आहे. आबा बरे नाहीत. संध्याकाळी मैदानावर येतात आणि डाव्या रेषेजवळ, जिथून दिलवर पळायचा, तिथे खुर्ची टाकून बसतात. मी ताडकन म्हटलं, एवढं वाटतं तर एक फोन करा ना कळसाडीला! त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली. पोर दिली त्या गावाला द्यायचं असतं, तिथून मागायचं नसतं. मला हा नियम मान्य नाही. मी त्याच्याविरुद्ध आणखी एक पत्रक काढणार होतो, पण मग ज्योतीताईची आठवण झाली. गेल्या आखाजीला ती निघाली, तेव्हा काकू दारात म्हणत होत्या, आणखी दोन दिवस ठेवा हो हिला. आबा गाडीच्या टायरमधली हवा तपासत होते. "नही. त्यासनं माणूस शे, त्या लई जातीन," टायरकडेच बघत ते म्हणाले. ताई गाडीत बसली, काच खाली केली आणि माझ्या हातातल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघून हसली. "तुमना खेळाडू लई गयात तं पत्रक छापं. माले लई गयात तवय कोन्ही छापं नही रे भाऊ!" गाडी गेली. आबा तसेच वाकलेले राहिले, टायर गेल्यानंतरही.

तेव्हा आबांना मी सोडून दिलं आहे. ते मागणार नाहीत. ज्याने एवढ्या वर्षांत स्वतःच्या लेकीला एक दिवस जास्त मागितलं नाही, तो डाव्या बाजूचा आक्रमक कुठून मागणार? पण गावकऱ्यांनो, तुम्ही? तुमची पोर कळसाडीला दिलेली नाही. तुमच्या जिभेवर कसलंही बंधन नाही. येत्या रविवारी सकाळी ट्रॅक्टर काढा, कळसाडीला जा आणि व्याह्यांना तोंडावर सांगा की दिलवरला स्पर्धेआधी परत पाठवा. यायला तो तयार आहे, ते मी विचारून घेतलंय. आणि तिथेच आत डोकावून ज्योतीताईलाही विचारा, स्पर्धा संपेपर्यंत माहेरी राहायचं आहे का. तिला हे अजून कोणीच विचारलेलं नाही. ती हो म्हणाली, तर तिलाही त्याच ट्रॅक्टरमध्ये घेऊन या.